अंगचा उजेड

मनू, भिंतीवर हात टेक. तळवा पुरता दाबून. मनातल्या मनात वीस मोज आणि काढ. सोहम, तू आता त्या भिंतीकडे बघ. काय दिसतं? नुसता चुना ना? आता हा कॅमेरा डोळ्याला लाव आणि पुन्हा तिथंच बघ.

दिसला ना पंजा! पाची बोटं स्पष्ट, पांढरी. बघत राहा. कडा विरायला लागल्या, बोटांची टोकं आधी गेली, तळव्याचा भाग अजून टिकून आहे. मनूनं हात काढून घेतला, पण हाताची ऊब थोडी भिंतीत शिरली होती. ती आता भिंतीतून बाहेर पडतेय. आपल्या डोळ्यांना ती दिसत नाही, या यंत्राला दिसते.

यंत्र माझं नव्हे, जपून धरा. हर्णैच्या बंदरातला एक तांडेल शाळेत माझा विद्यार्थी होता, त्यानं हे यंदा बोटीसाठी घेतलं. आता एक जूनला मासेमारी बंद होणार, बोट वर ओढायच्या गडबडीत आहे तो. "गुरुजी, तोवर तुमच्याकडे असू दे, पोरांना दाखवा. आणि हे कधी फसतं तेवढं मला शोधून सांगा," असं म्हणून ठेवून गेलाय. त्याचा हा दुसरा निरोप मला फार आवडला. यंत्र काय काय करतं ते खोक्यावर छापलेलंच असतं. ते कधी फसतं हे दर्यावर जाणाऱ्याला आधी ठाऊक हवं.

रात्रीचा समुद्र तुम्ही किनाऱ्यावरून बघता, तेव्हा मागे गावाचे दिवे असतात. अमावास्येला बोटीवरून बघाल तर पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठं सुरू झालं ते कळत नाही. आणि त्या काळोखात पाण्यावर बरंच काही असतं. बिनदिव्याची लहान होडी असते, जाळ्याचे बोये असतात, खाडीतून वाहत आलेला ओंडका असतो. रडार लोखंडी जहाज लांबून पकडतं, पण लाकडाची किंवा फायबरची होडी लाटांच्या गोंधळात त्याच्या पडद्यावर हरवते. एआयएस नावाची यंत्रणा आसपासच्या जहाजांची नावं आणि ठिकाणं दाखवते, पण ज्याच्याकडे तिचा प्रक्षेपक आहे त्याचीच. बोटीवरून पडलेल्या खलाशाकडे यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे त्याच्या अंगची ऊब असते, बस.

त्या उबेचे किरण पहिल्यांदा कुणाला सापडले, ते ऐका.

विल्यम हर्शल नावाचा एक माणूस होता. जन्म जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, पेशानं वादक आणि संगीतकार. इंग्लंडात आला आणि आकाशाच्या नादी लागला. दुर्बिणीचे आरसे स्वतः घासून तयार करायचा. १७८१ साली त्यानं युरेनस शोधून काढला, तो हाच. पुढं १८०० साली, साठी उलटून गेल्यावर, तो सूर्य बघायच्या खटपटीत होता. सूर्याकडे दुर्बिणीतून थेट बघितलं तर डोळा जाईल, म्हणून तो रंगीत काचा लावून बघायचा. तेव्हा त्याला एक गोष्ट खटकली. एखाद्या काचेतून उजेड अगदी कमी यायचा, पण डोळ्याला चटका बसायचा. दुसऱ्या काचेतून उजेड भरपूर यायचा आणि ऊब जवळजवळ नाहीच. मग सूर्याची ऊब कुठल्या रंगातून येते?

त्यानं खिडकीतून आलेलं ऊन लोलकातून सोडलं. टेबलावर रंगांचा पट्टा पडला. त्यात तापमापक ठेवला, त्याचा फुगा काजळीनं काळा केलेला, म्हणजे पडलेली ऊब तो नीट शोषून घेईल. शेजारी पट्ट्याबाहेर आणखी दोन तापमापक ठेवले, तुलनेसाठी. जांभळ्यात पारा थोडा चढला, हिरव्यात जास्त, तांबड्यात त्याहून जास्त. इथवर कुणीही आलं असतं. पण हर्शलनं तापमापक आणखी पुढं सरकवला, तांबड्याच्याही पलीकडे, जिथं टेबल नुसतं कोरडं दिसत होतं, रंगाचा मागमूस नव्हता. तिथं पारा सगळ्यात जास्त चढला!

न दिसणारा उजेड. त्यालाच आपण अवरक्त किरण म्हणतो. लंडनच्या रॉयल सोसायटीपुढं त्यानं हे सगळं त्याच वर्षी मांडलं. जिथं डोळ्याला काही दिसत नाही तिथंही मोजून बघावं, हे त्या म्हाताऱ्या माणसाला सुचलं, यासाठी मी त्याला युरेनसपेक्षाही जास्त मानतो.

त्याचा मुलगा जॉन. त्यानं १८४० मध्ये कागदावर काजळी धरली, तो कागद मद्यार्कात भिजवला आणि त्यावर सूर्याचा पट्टा पाडला. जिथं ऊब जास्त पडली तिथलं मद्यार्क आधी उडून गेलं आणि कागदावर उबेचं चित्र उमटलं. उबेचं पहिलं चित्र! इटलीच्या मेलोनीनं वेगवेगळ्या धातूंचे जोड देऊन असं उपकरण बनवलं की दहाएक मीटरवर उभ्या माणसाची ऊब त्याला कळायची.

आणि मग अमेरिकेतला सॅम्युअल लँगली. पिट्सबर्गजवळच्या ॲलेगेनी वेधशाळेत हा सूर्याची ऊब मोजत असे. १८८० च्या सुमारास त्यानं बोलोमीटर केला. कल्पना सोपी आहे. प्लॅटिनमची अतिशय पातळ पट्टी घ्यायची, तिला काजळी फासायची आणि तिच्यातून वीज सोडायची. पट्टीवर ऊब पडली की ती किंचित तापते, तापली की विजेला जास्त अडवते. तेवढा फरक मोजला की ऊब कळली. अंशाचा एक लाखावा भाग इतका बदल त्यात कळायचा. नंतर सुधारत नेलेल्या बोलोमीटरला पाव मैलावरच्या गाईची ऊब कळायची, म्हणजे चारशे मीटरवरच्या. गाय म्हटल्यावर हसू नकोस मनू. ढग आलेल्या रात्री, काळोखात, नुसत्या एका काळ्या पट्टीला पलीकडच्या कुरणातलं जनावर कळावं, याचा नीट विचार कर.

हे समुद्रावर कामाला लावावं असं वाटायला एक मोठी आपत्ती यावी लागली. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक रात्री हिमनगावर आदळलं आणि पंधराशेहून जास्त माणसं गेली. त्यातली बरीचशी गारठून गेली, कारण पाणी शून्य अंशांच्याही खाली होतं. टेहळणीवरच्या खलाशांना हिमनग दिसला तोवर उशीर झाला होता. मग लोकांच्या मनात आलं की हिमनग थंड असतो, तर आसपासच्या पाण्यापेक्षा त्याची थंडी लांबून मोजता येणार नाही का? १९१३-१४ च्या दरम्यान बेलिंगहॅम आणि पार्कर या दोघांनी अशी उपकरणं सुचवून त्यांचे पेटंट मागितले. उबेवरून समुद्रावरचं संकट ओळखायची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे ती अशी. तेव्हा ते उपकरण एका दिशेची ऊब सांगायचं, आकडा द्यायचं. चित्र कुठलं!

चित्र पाहिजे तर एक बोलोमीटर पुरत नाही. हजारो पाहिजेत आणि सगळे एका नखावर मावायला पाहिजेत. हे अमेरिकेतल्या हनीवेल कंपनीनं १९८० च्या दशकात लष्करासाठी करून दाखवलं. ते काम गुप्त होतं, १९९२ मध्ये खुलं झालं आणि मग जगभर पसरलं. तुझ्या हातातल्या कॅमेऱ्यात ३२० गुणिले २४० म्हणजे ७६,८०० ठिपके आहेत, प्रत्येक ठिपका म्हणजे एक स्वतंत्र बोलोमीटर. प्लॅटिनमऐवजी व्हॅनेडियम ऑक्साईडचा थर. प्रत्येक ठिपका साधारण मिलिमीटरच्या साठाव्या-सत्तराव्या भागाएवढा. आणि गंमत पुढं आहे: तो ठिपका खालच्या सिलिकॉनला चिकटलेला नसतो. शेतातल्या माचासारखा दोन बारीक पायांवर अधांतरी उभा असतो आणि आजूबाजूची हवाही काढून टाकलेली असते. असं का? खाली टेकला तर त्याला मिळालेली चिमूटभर ऊब लगेच खाली झिरपून जाईल आणि त्याला काही कळायचं नाही.

आत्ता 'टिक्' असा आवाज आला आणि चित्र क्षणभर थबकलं, ते ऐकलंस? बिघडलं नाही. आत एक बारीक पडदा मधूनमधून सगळ्या ठिपक्यांसमोर येतो. सगळ्यांना एकच सपाट ऊब दाखवतो, म्हणजे कोण उगाच जास्त सांगतंय आणि कोण कमी, ते कळतं. मग यंत्र सगळ्यांना एका पातळीवर आणतं. नवा खलाशी हा आवाज ऐकून घाबरतो म्हणे, म्हणून सांगितलं.

सोहम, आता खिडकीची काच लाव आणि काचेतून बाहेरचा माड बघ. नाही ना दिसत? काचेत तूच दिसतोयस, अंधूक, पांढरा. आपल्याला आरपार दिसणारी काच या किरणांना भिंत असते. आता ती कचऱ्याची काळी पिशवी घे, हात तिच्यात घाल. डोळ्याला पिशवीच दिसते, पण कॅमेऱ्यातून बघ, आतली बोटंसुद्धा मोजता येतील. पातळ प्लॅस्टिकमधून ही ऊब सहज पार होते. म्हणून तांडेलानं केबिनच्या काचेआडून हा कॅमेरा कधी वापरू नये. बाहेर यावं, कठड्याशी उभं राहावं.

मग कॅमेऱ्याचं भिंग कशाचं? नीट बघ, काचेचं नाही. राखाडी, धातूसारखं चकाकतं, त्यातून आपल्याला काही दिसत नाही. ते जर्मेनियमचं आहे. त्याचीही एक कथा आहे. रशियाच्या मेंडेलीव्हनं १८७१ मध्ये, मूलद्रव्यांच्या तक्त्यात एक घर रिकामं दिसलं म्हणून, तिथं कसलं मूलद्रव्य बसेल ते आधीच सांगून ठेवलं होतं. १८८६ मध्ये जर्मनीतल्या क्लेमेन्स विंकलरला ते सापडलं, आणि गुण जवळजवळ सांगितल्याप्रमाणेच निघाले. जर्मेनियम महाग असतं, म्हणून हे यंत्रही महाग. खाऱ्या पाण्याचा शिंतोडा उडाला तर गोड्या पाण्यानं धुवायचं आणि मऊ फडक्यानं टिपायचं. पंच्यानं खसाखसा पुसायचं नाही.

आता तू विचारशील की आपल्याच डोळ्यांना ही ऊब का दिसत नाही. प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानाप्रमाणे किरण सोडत असते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, त्याचे किरण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास सगळ्यात जोरदार असतात, आणि आपले डोळे नेमके तेच बघतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपलं अंग सूर्यापेक्षा कितीतरी थंड, त्यामुळं आपला 'उजेड' साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास असतो. आपल्या नशिबानं ८ ते १४ मायक्रॉनच्या किरणांना हवा फारशी अडवत नाही. ती वाट मोकळी असते. पण डोळ्यात असतं पाणी, आणि ते या किरणांना आत येऊच देत नाही. शिवाय डोळा स्वतःच सदतीस अंशांचा. त्याला ऊब दिसत असती तर आधी स्वतःचीच दिसली असती, आणि तिच्यात बाहेरचं सगळं बुडून गेलं असतं.

म्हणून निसर्गानं हे वरदान थंड रक्ताच्या प्राण्याला दिलं. आंबोलीच्या घाटात पावसाळ्याच्या रात्री झुडपाच्या फांदीवर चापडा बसलेला असतो. मलबारी चापडा कधी हिरवा, कधी तपकिरी, कधी पिवळा. त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध, दोन्ही बाजूंना, एक खड्डा असतो. नागाला, घोणसाला, फुरशाला तो नसतो. अजगराच्या ओठांवर तसले लहान लहान खड्डे असतात. हे खड्डे कशासाठी, याचा उलगडा व्हायला फार वर्षं लागली. १९३७ मध्ये नोबल आणि श्मिट यांनी याच जातकुळीतल्या अमेरिकन खुळखुळ्या सापांचे डोळे झाकले आणि फडक्यात गुंडाळलेले दिवे त्यांच्यासमोर हलवले. साप गरम दिव्यावर अचूक तुटून पडायचे. १९५२ मध्ये बुलक आणि काउल्स यांनी खड्ड्यातून येणाऱ्या मज्जातंतूचे विजेचे संदेश मोजले. ऊब पडली की संदेश वाढत होते. शंकाच उरली नाही.

आता त्या खड्ड्याच्या आत बघा. एक पातळ पडदा आहे, मिलिमीटरच्या साठाव्या-सत्तराव्या भागाएवढाच जाड. आणि तो मागच्या मांसाला चिकटलेला नाही! त्याच्या मागं हवेची पोकळी आहे, पडदा अधांतरी ताणलेला. का, ते आता तुम्हीच सांगा. बरोबर. चिकटला असता तर ऊब अंगात झिरपून गेली असती. हनीवेलच्या इंजिनियरांनी ठिपक्याला जे पाय दिले, तेच काम रानातल्या सापानं कोट्यवधी वर्षांपूर्वी केलेलं. पडद्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, ते पडदा पुन्हा झटकन थंड करतं, म्हणजे मागच्या क्षणाचं चित्र पुढच्यात मिसळत नाही. अंशाच्या हजाराव्या भागात मोजावा असा फरक त्याला कळतो. आणि हे संदेश मेंदूत डोळ्यांच्या संदेशांना जाऊन मिळतात, म्हणजे साप एकाच वेळी उजेडानंही बघतो आणि उबेनंही.

त्या पडद्यातल्या पेशींना ऊब कळते कशी? हे २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं शोधलं. पेशीच्या कडेला एक प्रथिन असतं, टीआरपीएवन नावाचं, एखाद्या दारासारखं उघडणारं. तेच प्रथिन आपल्यातही आहे, पण आपल्यात त्याचं काम वेगळं. आजी मोहरी फेसते तेव्हा नाकात झणका जातो आणि डोळ्यांत पाणी येतं ना, तो झणका आपल्याला याच प्रथिनामुळं कळतो. सापाच्या पूर्वजांत ते जरासं बदललं आणि उबेसाठी उघडायला लागलं. ज्युलियस यांना तापमानाची जाणीव कशी होते या संशोधनासाठी २०२१ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या नाकातला झणका आणि चापड्याची रात्रीची नजर एकाच प्रथिनाची! हे वाचलं त्या दिवशी मी जेवायचं विसरलो होतो.

चला, आता परत पाण्यावर. कॅमेऱ्यातून रात्रीचा समुद्र करडा दिसतो. दुसऱ्या बोटीचं इंजिन आणि धुराडं लख्ख पांढरं. होडीत बसलेली माणसं पांढरी. दिवसभर उन्हात तापलेला सुवर्णदुर्गाचा तट सूर्य बुडाल्यावरही बराच वेळ उजळ दिसत राहतो. चांदणं लागत नाही, आणि समोरून कुणी झोत मारला तरी हा कॅमेरा दिपत नाही. चांदण्याचा उजेड वाढवून दाखवणाऱ्या दुर्बिणी वेगळ्या, त्यांना थोडा का होईना उजेड लागतो.

पण तांडेलानं विचारलं होतं ना, फसतं कधी? लिहून घे सोहम. सकाळ-संध्याकाळ एक वेळ अशी येते की खडक आणि पाणी सारख्याच तापमानाला येतात, तेव्हा खडक चित्रातून नाहीसा होतो. जाळ्याचा बोया, तरंगतं लाकूड रात्रभर पाण्याच्याच तापमानाला असतं, त्यामुळं ते धड दिसत नाही. विरळ धुक्यातून दिसतं, दाट धुक्यातून आणि जोराच्या पावसातून नाही. आणि आपल्या समुद्रासाठी सगळ्यात महत्त्वाचं: पाणी कोमट असतं. युरोपातल्या दहा अंशांच्या पाण्यात माणसाचं डोकं ठळक उठून दिसतं. आपलं पाणी सव्वीस ते तीस अंशांचं, चेहरा तेहतीस-चौतीसचा, आणि ओले केस वाऱ्यानं आणखी थंड पडतात. फरक उरतो थोड्या अंशांचा. यंत्राला अंशाच्या विसाव्या भागाचाही फरक कळतो, म्हणून माणूस दिसतो, पण हवेत दमटपणा जास्त असला की तोही फिका पडतो. खोक्यावर छापलेलं अंतर इथं जसंच्या तसं धरून चालायचं नाही.

अंतराचा हिशेब आपणच करू. या भिंगातून २४ अंशांचा पट्टा दिसतो, तो ३२० ठिपक्यांत वाटलेला. म्हणजे दोनशे मीटरवर एक ठिपका पाव मीटर रुंदीचा होतो. माणसाचं डोकं साधारण तेवढंच. दोनशे मीटरवर डोकं म्हणजे एक ठिपका! १९५८ मध्ये जॉन जॉन्सन या अमेरिकन संशोधकानं माणसं बसवून तपासलं होतं की काहीतरी आहे एवढं कळायलाही निदान दोन ठिपके लागतात, आणि ते काय आहे हे ओळखायला त्याच्या कितीतरी पट. आता बोट आठ नॉटनं चाललीय असं धर. एका मिनिटात ती अडीचशे मीटर जाते. खलाशी पडला आणि मिनिटभरानं कळलं, तर तोवर तो एका ठिपक्याहूनही लहान झालेला असतो, आणि मधे लाटा.

मनू, न्हाणीघरातून पाण्याची बादली आण. सोहम, कॅमेरा धर. आता मनू, हात मनगटापर्यंत बुडव.

गेला ना पंजा? मनगटाशी कापल्यासारखा. डोळ्याला पाण्यातली बोटं स्वच्छ दिसतायत, कॅमेऱ्याला काहीच नाही. पाणी ही ऊब गिळतं, मिलिमीटरभर थरसुद्धा पुरेसा. कॅमेऱ्याला पाण्याची फक्त वरची कातडी दिसते. म्हणजे पडलेल्या माणसाचं जेवढं अंग पाण्याबाहेर, तेवढाच माणूस कॅमेऱ्यासाठी शिल्लक.

म्हणून लाइफ जॅकेटशिवाय हा कॅमेरा जवळजवळ बिनकामाचा आहे. जॅकेट स्वतः चमकत नाही, ते पाण्यात पडलं की पाण्याइतकंच थंड होतं. पण ते डोकं आणि खांदे वर धरून ठेवतं. एका ठिपक्याचे दोन होतात. माणूस दमून बुडत-वर येत राहिला तर तो कॅमेऱ्यात दिसतो-हरपतो-दिसतो, आणि मग शोधणाऱ्याला वाटतं लाटच होती. जॅकेट असेल तर ठिपका टिकतो. माझ्या डोळ्यांदेखत वाढलेली पोरं आज बोटीवर जातात, आणि उकडतं म्हणून जॅकेट केबिनमध्ये टांगून ठेवतात. मला त्याचा राग येतो. तांडेलाला मी पुन्हा एकदा, त्याच्या खलाशांसमोर, हे ऐकवणार आहे.

आणखी एक. जॅकेटवरची चमकपट्टी या कॅमेऱ्याला दिसत नाही, ती टॉर्चला दिसते. म्हणून दोघांनी मिळून शोधायचं, एकानं टॉर्चनं आणि एकानं कॅमेऱ्यानं. कॅमेरा धरणाऱ्यानं एकाच डोळ्यानं बघायचं, कारण काळोखाला सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पडद्याच्या उजेडानं तो सराव क्षणात जातो. दुसरा डोळा राखून ठेवायचा. बोट हलते तेव्हा चित्र जरा अडखळतं. अशा बऱ्याच यंत्रांत सेकंदाला नऊच चित्रं असतात, कारण त्याहून वेगवान यंत्रं अमेरिकेबाहेर विकायला कडक निर्बंध आहेत. म्हणून हात भरभर फिरवायचा नाही. क्षितिजावर सावकाश एका कडेकडून दुसरीकडे जायचं, थांबत थांबत.

पण या सगळ्याच्या आधी, माणूस पडताना ज्यानं पाहिलं त्यानं ओरडायचं आणि त्या जागेवर बोट रोखून धरायचं. नजर काढायचीच नाही. दुसऱ्यानं जीपीएसवर जागा नोंदवायची, तांडेलानं वळायचं, आणि तटरक्षक दलाला कळवायचं. त्यांचा शोध आणि बचावाचा नंबर १५५४ आहे, दोघांनी पाठ करा. समुद्रावरच्या टकरी टाळायचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यातला पाचवा नियम म्हणतो की नजरेनं, कानांनी आणि हाताशी असेल त्या प्रत्येक साधनानं सतत टेहळणी ठेवा. नजर आणि कान आधी लिहिलेत. कॅमेरा त्यांच्यानंतरच्या साधनांत येतो.

काय गं मनू? मासे दिसतील का यातून?

नाही. मासे पाण्याखाली, आणि पाण्याखालचं काही दिसत नाही हे आत्ताच बघितलंस. पण तुझा प्रश्न चांगला आहे, कारण याच उबेवरून मासे मात्र शोधतात. हैदराबादला इन्कॉइस नावाची संस्था आहे, समुद्राची माहिती देणारी. उपग्रह वरून समुद्राची तीच वरची कातडी बघतात आणि कुठलं पाणी किती उबदार ते मोजतात. खालचं थंड पाणी वर येतं तिथं पोषक द्रव्यं वर येतात, त्यावर वनस्पतिप्लवक वाढतात, प्लवकांमागं लहान मासे आणि त्यांच्यामागं मोठे. ज्या रेषेवर उबदार आणि थंड पाणी भेटतं ती रेषा शोधायची, वरून पाण्याचा हिरवेपणा ताडून बघायचा, की मासळी कुठं असावी याचा अंदाज येतो. मग एकेका बंदराला कळवलं जातं की इथून कुठल्या दिशेला, किती अंतरावर आणि किती खोलीवर जायला हवं. हर्णैच्या बोटींना ही खबर मोबाईलवर मिळते. डिझेल वाचतं, वेळ वाचतो.

फक्त ढग आडवे आले की उपग्रहालाही ऊब दिसत नाही, ढगातलं पाणी ती गिळून टाकतं. जून-जुलैत आपल्या समुद्रावर सलग ढग असतात, आणि तेव्हा मासेमारीही बंदच असते. ऑगस्टपासून बोटी पुन्हा पाण्यात जातात, आभाळ उघडायला लागतं आणि खबरा पुन्हा सुरू होतात.